तलवारवाली बाई



आपण भारतमातेला हात जोडतो, तशा इतर देशांनीही आपापल्या बाया मानलेल्या आहेत. फ्रेंचांची मारियान, जर्मनांची जर्मानिया, इंग्रजांची ब्रिटानिया. ही ब्रिटानिया इंग्लंडच्या नाण्यावर शिरस्त्राण घालून, त्रिशूळ धरून बसलेली असे. एकोणिसाव्या शतकात कुठे लढाई जुंपली की तिकडची व्यंगचित्रांची पत्रे या बायांना पुढे करीत. लढाई ठरवणारे पुरुष, चित्र काढणारेही पुरुष, आणि तलवार मात्र बाईच्या हाती!

लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात १२ सप्टेंबर १८५७ रोजी टेनियल यांचे एक चित्र आले. (हेच गृहस्थ पुढे ‘ॲलिस’ची चित्रे काढून मुलांचे लाडके झाले.) चित्राचे नाव ‘न्याय’. एक धिप्पाड बाई तलवार उगारून आपल्या शिपायांना तुडवीत निघाली आहे. बरोबर गोरी पलटण. एका बाजूला आपल्या देशी बायका लेकरांसह आक्रोश करीत आहेत.

कानपुरास जुलैमध्ये गोऱ्या बायकामुलांची कत्तल झाली, हे खोटे नव्हे. ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण अलाहाबादेभोवतीची गावे इंग्रजांनी त्याआधीच जाळली होती. तिथल्या बायकांसाठी कोणत्या न्यायदेवीने तलवार उचलली?

आपल्या नागपुरचे पाहा. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती, घोडे, जवाहीर लिलावात निघाले. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई तेव्हा हयात होत्या. सत्तावनच्या धामधुमीत त्यांनी आपल्या माणसांना उठावापासून आवरले. त्याबद्दल कोणी त्यांना नावे ठेवतात. मला तो धीर होत नाही. राज्य गेलेले, पाठीशी फौज नाही, घरात विधवा राण्या. १८५८ मध्ये त्या वारल्या. ‘पंच’च्या चित्रात अशा बाईला जागा नव्हती. तिथे एक देवी, आणि बाकीच्या बिननावाच्या.

पुढे वंगभंगाच्या वर्षी, १९०५ साली, अवनींद्रनाथ ठाकुरांनी भारतमाता रंगविली. भगवे वस्त्र, चार हात. हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरे कापड आणि जपमाळ. शस्त्र एकही नाही! सिंह आणि त्रिशूळ नंतरच्या छापील चित्रांतले. मला आपली जुनीच बरी वाटते. तिच्या हातांतले सामान घरात लागते.

दोन्ही चित्रे मागच्या टेबलावर मांडली आहेत. चहा घेताना अवश्य बघा. ‘पंच’चे चित्र बघताना नजर तलवारीवरून जरा काढा आणि बाजूच्या त्या लेकुरवाळ्या बायांकडेही न्या.