चंद्र पाहावा काढून



‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. त्याच चालीवर आज आम्ही म्हणणार आहोत, चंद्र पाहावा काढून. म्हणजे कागदावर, पेन्सिलीने. हा विषय आम्हांला एका विद्यार्थिनीने दिला, आणि देताना आमची एक चूकही आमच्या पदरात घातली.

आमच्या परिचयातली ही मुलगी महाविद्यालयात विज्ञान शिकते. संध्याकाळी ती चित्रकलेच्या वर्गाला जाते आणि शनिवारी रात्री आकाशदर्शनाला. दोन्हींचे वेड सारखेच. परीक्षेचे वर्ष आणि पोरीचे पाय दोन डगरींवर, अशी घरच्यांची तक्रार. निवाडा आमच्याकडे आला. आम्ही वडीलकीच्या सुरात सांगून टाकले, “बाळ, एक काहीतरी धर. आकाश धर; ते निदान अभ्यासाच्या जवळचे आहे.” मुलगी गप्प बसली. काही दिवसांनी शुक्ल अष्टमीच्या चंद्राचे चित्र तिने आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “काका, यात आकाश किती आणि चित्रकला किती, तेवढे वेगळे करून द्या. मग एक सोडते.”

आम्हांला ते वेगळे करता आले नाही. का आले नाही, हेच आज सांगायचे आहे.

सन १६०९. इंग्लंडात टॉमस हॅरियट या गणितज्ञाने त्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमारेषा त्याने वेडीवाकडी काढली, पण ती वेडीवाकडी का, हे त्या चित्रात नाही. डोंगर नाहीत, विवरे नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत पादुआ येथे गॅलिलिओने चंद्र पाहिला. त्याला सीमारेषेपलीकडच्या अंधारात प्रकाशाचे सुटे ठिपके दिसले. हळूहळू ते वाढत आणि उजेडाला येऊन मिळत. त्याने ओळखले, ही पर्वतशिखरे आहेत. आपल्याकडे सूर्योदयी खोऱ्यात अंधार असताना डोंगरमाथा उजळतो, तसेच हे.

गॅलिलिओची दुर्बीण अधिक शक्तीची होती. हॅरियटची सहापट मोठे दाखवी, याची सुमारे वीसपट. भिंगांचा वाटा आम्ही नाकारत नाही. पण गॅलिलिओचा हात चित्रकलेत बसलेला होता. त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहून ठेवले आहे की, तरुणपणी धंदा निवडण्याची मोकळीक असती तर गॅलिलिओ चित्रकारच झाला असता. छाया दिसली की तिच्यामागे उंचवटा शोधायचा, ही नजर चित्रशाळेतली आहे.

आपल्यापैकी ज्यांनी शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली असेल त्यांना वस्तुचित्राचा तांब्या आठवत असेल. नवखा मुलगा तांब्याचे तोंड वाटोळे काढतो, कारण ते वाटोळे आहे हे त्याला ठाऊक असते. मास्तर म्हणतात, “ठाऊक आहे ते काढू नकोस, दिसते ते काढ.” मग ते लंबगोल उतरते. त्या काळच्या पंडितांना चंद्र गुळगुळीत गोल आहे हे असेच ‘ठाऊक’ होते.

आणि चित्रातून मापही निघाले. काही ठिपके सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतके दूर दिसत. गॅलिलिओने चंद्राचा व्यास २,००० इटालियन मैल धरला. म्हणजे ते अंतर १०० मैल आणि त्रिज्या १,००० मैल. आता पायथागोरसचा काटकोन त्रिकोण मांडा. कर्ण जवळजवळ १,००५ मैल येतो. त्यातून त्रिज्या वजा करा. शिखर चार मैलांहून उंच! मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे हे सारे पुस्तकरूपाने छापले गेले. पुढे हॅरियटच्या चित्रांतही विवरे दिसू लागली. गॅलिलिओचा चित्रकार मित्र चिगोली याने तर रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चच्या घुमटात मेरीच्या पायाखाली असाच खडबडीत चंद्र रंगवला. तो आजही तेथे आहे.

श्रोतेहो, आपण कोजागरीला गच्चीवर जातो, दूध आटवतो, चंद्राचे कौतुक करतो. पण पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, छाया जवळजवळ नाहीशा होतात आणि डोंगर लपतात. म्हणून येत्या शुक्ल अष्टमीला साधी दोन डोळ्यांची दुर्बीण आणि कागद घेऊन बसा. सीमारेषेजवळचा तळहाताएवढा भागच काढा. अर्ध्या तासात आपल्याला असे काही दिसेल, जे इतकी वर्षे डोक्यावर असून दिसले नव्हते.

राहिला आमचा निवाडा. तो आम्ही त्या मुलीच्या वडिलांसमक्ष मागे घेतला आहे. परीक्षेची काळजी खोटी नाही. वेळेचा हिशेब तिने ठेवलाच पाहिजे, आणि तसे तिने कबूलही केले आहे. पण आपल्या घरी असे दोन वेड असलेले मूल असेल, तर त्यातले एक काढून घेण्याची घाई करू नका. आधी त्याची वही मागून पाहा. आम्ही ती मागायच्या आधीच सल्ला दिला, एवढेच आमचे चुकले.