सतरा पायऱ्यांचा जिना



1893 सालच्या डिसेंबरात लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात एक कथा प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडमधील रायशेनबाख धबधब्याच्या कड्याकडे गेलेल्या पावलांच्या दोन ओळी ओल्या मातीत उमटल्या आहेत. परतीचे पाऊल मात्र एकही नाही. शेरलॉक होम्स आपल्या वैऱ्यासह त्या खोल दरीत नाहीसा झाला, एवढाच त्या खुणांचा अर्थ. लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना या मानसपुत्राचा कंटाळा आला होता. ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून आपले नाव राहावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि हा गुप्तहेर त्यांचा सारा वेळ खाऊन टाकीत होता. वाचकांनी मात्र या मृत्यूचे सुतक पाळले. हजारो वर्गणीदारांनी मासिक बंद केले, आणि एका बाईंनी तर पत्राच्या आरंभीच लेखकाला 'राक्षसा' अशा थाटाचे संबोधन बहाल केले. अखेर 1901 साली बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी क्रमशः सुरू झाली. ती होम्सच्या हयातीतील जुनी हकिकत म्हणून सांगितलेली होती. 1903 साली मात्र त्याला उघडउघड जिवंत करावे लागले. निर्मात्याने मारलेले पात्र वाचकांनी परत मागून आणावे, अशी उदाहरणे वाङ्मयात फार थोडी सापडतील.

या पात्राचा जन्म तसा साधाच झाला. साउथसी येथे दवाखाना थाटून बसलेल्या तरुण डॉक्टरकडे रुग्णांची वर्दळ बेताचीच होती. 1887 साली 'ए स्टडी इन स्कार्लेट' ही पहिली कादंबरी एका नाताळ वार्षिकात छापली गेली आणि तिचे सर्व हक्क अवघ्या 25 पौंडांना विकले गेले. तेथून 1927 पर्यंत, चाळीस वर्षांत, 4 कादंबऱ्या आणि 56 कथा मिळून होम्सचा संसार पूर्ण झाला. विसाव्या शतकातील कितीतरी लेखकांनी याहून कितीतरी अधिक लिहिले. आपल्याकडच्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्याच हजाराच्या पलीकडे जाते. तेव्हा होम्सचे टिकून राहणे हा संख्येचा प्रताप नव्हे.

शाळेच्या समारंभात आवर्जून सांगावी अशी एक गोष्ट या जन्मकथेत आहे. होम्सचे मूळ एका शिक्षकात सापडते. एडिंबरा विद्यापीठात डॉ. जोसेफ बेल हे शल्यविद्येचे अध्यापक होते. रुग्ण दारातून आत येतो न येतो तोच त्याची चाल, त्याचे हात, त्याच्या बुटांवरचा चिखल पाहून तो कोण, कोठून आला, पोटासाठी काय करतो, हे ते विद्यार्थ्यांना सांगत आणि मग कसे ओळखले तेही उलगडून दाखवीत. डॉयल त्यांचे विद्यार्थी होते आणि बाह्यरुग्ण विभागात त्यांचे मदतनीसही. 1892 साली कथांचा पहिला संग्रह निघाला तेव्हा तो त्यांनी या गुरूलाच अर्पण केला. पुढे बेल यांनीही, खरा होम्स आपण नसून आपला विद्यार्थीच आहे, अशा आशयाचे लिहून ते श्रेय परत केले. श्रेय एकमेकांकडे असे ढकलणारी गुरुशिष्यांची जोडी विरळाच.

बेलसाहेबांच्या वर्गातील तो धडा एका कथेत जिन्याच्या रूपाने आला आहे. बेकर स्ट्रीटवरच्या घराचा जिना डॉ. वॉटसन शेकडो वेळा चढला आहे. पण पायऱ्या किती, हे त्याला सांगता येत नाही. होम्सला ठाऊक आहे: सतरा. वॉटसनचे डोळे अधू नाहीत. तो पाहतो, पण निरखीत नाही, इतकेच. मराठीत 'पाहणे' आणि 'निरखणे' ही दोन निराळी क्रियापदे आहेत, हे आपल्या भाषेचे भाग्य. वर्गात हा फरक समजावताना फार शब्द खर्चावे लागत नाहीत. न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना तर हे सारे ओळखीचेच वाटावे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमानाचे उदाहरण या भूमीत शतकानुशतके घोकले गेले आहे. होम्सने केले ते एवढेच, की धुराऐवजी त्याने सिगारेटची राख, टोपीची झिजलेली कड आणि टंकलेखन यंत्राचे तुटके अक्षर घेतले. एका कथेत तर जे घडलेच नाही तेच त्याला पुरावा म्हणून पुरते. रात्री तबेल्यातून घोडा नेला गेला आणि राखणीचा कुत्रा भुंकला नाही. म्हणजे नेणारा कुत्र्याच्या परिचयाचा होता.

परंतु केवळ बुद्धीच्या चमत्कारावर कोणी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगत नाही. एकदा उकललेले कोडे दुसऱ्यांदा कोण वाचील? होम्सच्या कथा मात्र उत्तर ठाऊक असतानाही वाचल्या जातात. या प्रशालेच्या ग्रंथालयात भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या होम्सकथांचे पुठ्ठे आजवर तीनदा बदलावे लागले. घराबाहेर पाऊल टाकताच दुसऱ्या भाषेत शिरणाऱ्या इथल्या मुलांना लंडनचे धुके पहिल्यांदा भेटले ते मराठीतूनच, आणि पुस्तक परत करताना पुन्हा तेच पुस्तक स्वतःच्या नावावर लिहून घेणारी मुले प्रत्येक पिढीत निघाली.

हिंदुस्थानी वाचकाला तर या कथांत पावलोपावली ओळखीच्या खुणा सापडतात, आणि कधी हसूही येते. वॉटसन हा लष्करी डॉक्टर. तो मुंबईच्या बंदरात उतरून अफगाण युद्धावर गेला, 1880 च्या मैवंदच्या लढाईत जखमी झाला आणि पेशावरच्या इस्पितळात विषमज्वराने खंगला. (जखम खांद्याला होती की पायाला, याविषयी लेखकाचेच एकमत नाही, पहिल्या कादंबरीत खांदा, दुसरीत पाय.) त्या दुसऱ्या कादंबरीतील खजिना आग्र्याच्या किल्ल्यातला, काळ 1857 चा, आणि त्यातील शीख शिपायांची नावे आहेत महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान! पंजाबातील कोणत्याही शाळकरी पोराने लेखकाचा कान धरला असता. 'स्पेकल्ड बँड' या गाजलेल्या कथेत हिंदुस्थानातून नेलेला विषारी साप शिट्टी ऐकून परत येतो आणि बक्षीस म्हणून दूध पितो. सापाला शिट्टी ऐकू येत नाही आणि दूध हा त्याचा आहार नव्हे, हे दर नागपंचमीला विज्ञानाच्या शिक्षकांना नव्याने सांगावे लागते; तेव्हा याबाबत डॉयलसाहेबांना फार दोष देता येत नाही. अंदमानच्या आदिवासीचे त्यांनी केलेले चित्रण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते साम्राज्याच्या डोळ्यांनी केलेले, माणसाचे माणूसपण नाकारणारे चित्रण आहे, आणि वर्गात ती कादंबरी घेताना हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. उलट दिशेचे एक ऋणही नोंदवावे. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण कामी आणणारी कचेरी 1897 साली कलकत्त्यात उभी राहिली. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी त्या पद्धतीचा हिशेब बसवला. एडवर्ड हेन्री यांनी ती विद्या लंडनला नेली आणि 1901 साली स्कॉटलंड यार्डात तसा विभाग सुरू झाला. होम्सच्या एका कथेतील रक्ताळलेला अंगठ्याचा ठसा त्यानंतर दोनच वर्षांनी, 1903 साली अवतरतो.

मग या चुका पोटात घालूनही वाचक पुन्हा बेकर स्ट्रीटकडे का वळतो? याचे उत्तर बहुधा जिना चढून येणाऱ्या माणसांत आहे. राजेरजवाडे आणि मंत्री येतात खरे. पण लक्षात राहतात त्या एकट्या, पोटासाठी झटणाऱ्या स्त्रिया. कोणी टंकलेखन करून चार पैसे मिळवणारी, कोणी परक्या घरी मुलांना शिकवणारी, कोणी सायकलवरून निर्जन रस्त्याने स्टेशन गाठणारी संगीतशिक्षिका. हेलन स्टोनर भल्या पहाटे येते तेव्हा ती थरथरत असते. शेकोटी पेटवलेली असते. पण ती थंडीने नव्हे, भीतीने कापत आहे, हे ती स्वतःच सांगते. होम्स तिचे सारे बोलणे शांतपणे ऐकतो, आणि तिने सांगितले नाही तेही पाहतो: बाहीची झालर मागे सारताच मनगटावर पाच बोटांचे काळेनिळे वळ दिसतात. सावत्र बापाच्या हाताचे ते वळ झाकण्याचा तिचा प्रयत्न असतो. घरोघर असे किती वळ झाकलेले असतात, हे शाळेत मुलींना शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पोलिसांनी ज्याला किरकोळ म्हटले, नातलगांनी ज्याला मनाचे खेळ म्हटले, ते कोणीतरी गंभीरपणे ऐकून घेते, हा या कथांचा खरा दिलासा आहे. याच मोजमापाने होम्स कधी उणाही ठरतो. मेरी सदरलँडचा सावत्र बापच वेषांतर करून तिचा नियोजित वर बनला होता, हे कळल्यावरही तो तिला सत्य सांगत नाही. तिला ते खरे वाटणार नाही, असे ठरवून मोकळा होतो. हा निवाडा पटत नाही. ज्याचे दुःख, त्याला सत्य ऐकण्याचा हक्क.

आपल्या चुका मात्र तो लपवीत नाही. आयरीन ॲडलर ही स्त्री त्याला सरळ हरवते आणि तो तिचे छायाचित्र जपून ठेवतो. 'यलो फेस' या कथेत त्याचा तर्क साफ चुकतो. नॉरबरी गावातले ते प्रकरण. पुढे कधी अंगात अहंकार शिरताना दिसला, तर त्या गावाचे नाव कानात पुटपुटावे, अशी तो वॉटसनला विनंती करून ठेवतो. नाताळच्या एका कथेत तर रत्न चोरणाऱ्या भेदरलेल्या माणसाला तो सोडून देतो, कारण तुरुंगात टाकले तर तो जन्माचा गुन्हेगार होईल. आणि एकदा आगगाडीतून लंडनमध्ये शिरताना, छपरांच्या समुद्रातून वर आलेल्या सरकारी प्राथमिक शाळांच्या इमारती पाहून हा रुक्ष मनुष्य एकाएकी उल्हसित होतो आणि त्यांना दीपगृहे म्हणतो. चोरीस गेलेल्या तहनाम्याच्या शोधात असताना त्याला शाळा दिसाव्यात, हे एखाद्या मुख्याध्यापकाच्या नजरेतून सुटणे शक्य नाही.

बेकर स्ट्रीटवर 221 बी हा पत्ता कथांच्या काळी अस्तित्वातच नव्हता. घरांचे क्रमांक तितके पुढे जातच नव्हते. पुढे नवे क्रमांक पडले आणि 1932 साली तेथे एका गृहकर्ज संस्थेची टोलेजंग इमारत उभी राहिली. तिच्या दारात होम्सच्या नावाची पत्रे जगभरातून येऊ लागली. त्यांना उत्तरे लिहिण्यासाठी संस्थेला स्वतंत्र सचिव नेमावा लागला. ही पत्रे गंमत म्हणून आलेली होती, तशीच खरी संकटे सांगणारीही होती.

खऱ्या संकटाचे असे एक पत्र डॉयल यांच्याही हाती पडले, आणि त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत पोहोचतो. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली या खेड्याचे धर्मगुरू झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये वकिली करी. 1903 साली त्या भागात रात्रीच्या वेळी गुरेघोडी भोसकली जाऊ लागली आणि निनावी पत्रांचा सुळसुळाट झाला. सावळ्या वर्णाच्या या अबोल तरुणावर संशय आधी बसला आणि पुरावा मागाहून जमवला गेला. त्याला सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. हजारो लोकांनी सह्या करून अर्ज केले. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक तसाच राहिला आणि वकिलीची सनद गेली. तेव्हा त्याने होम्सच्या निर्मात्याला लिहिले.

भेट लंडनमधील एका हॉटेलात ठरली. डॉयल यांना पोहोचण्यास उशीर झाला. दिवाणखान्यात तो तरुण वर्तमानपत्र वाचीत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, आणि तोही जरा तिरपा धरलेला. नेत्रविकारांचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरला दारातूनच उमगले. इतक्या अधू दृष्टीच्या माणसाने पावसाळी काळोख्या रात्री शेते आणि रेल्वेचे रूळ ओलांडून जावे, घोडा गाठावा, त्याला जखमी करावे आणि तसेच घरी परतावे, हे संभवतच नव्हते. न्यायालयात त्याचे डोळे कोणी तपासलेच नव्हते. जानेवारी 1907 मध्ये डॉयल यांनी 'डेली टेलिग्राफ'मध्ये हे सारे प्रकरण उलगडून मांडले. मे महिन्यात सरकारने जॉर्जला त्या गुन्ह्याबद्दल माफी दिली. निनावी पत्रांचा ठपका मात्र ठेवला आणि भरपाईचा एक पैसाही दिला नाही. डॉयल यांना ही तडजोड अखेरपर्यंत रुचली नाही. फौजदारी निकालांवर अपील ऐकणारे न्यायालय इंग्लंडमध्ये त्याच वर्षी स्थापन झाले, त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता. जॉर्जला सनद परत मिळाली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात डॉयल यांचा दुसरा विवाह झाला. स्वागतसमारंभाला निमंत्रितांची गर्दी होती, आणि त्या गर्दीत जॉर्ज एदलजीही होता.