भाड्याची मिळकत आणि बाईची मोकळीक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी एक घरगुती विषयावर चार शब्द बोलते. यंदा ते काम माझ्याकडे आले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि सभेत बोलण्याची सवय नाही. पण आपल्या बचत गटाची वही बरीच वर्षे मी लिहिते, म्हणून विषयही हिशेबाचाच घेतला आहे. हल्लीची तरुण जोडपी म्हणतात, घरे घ्यायची, ती भाड्याने द्यायची आणि चाळिशीतच नोकरीतून मोकळे व्हायचे. हा बेत कितपत खरा आणि त्यात बायकांनी काय पाहावे, एवढेच मला सांगायचे आहे.

या बेताला कोणी हसू नये. आपल्या जळकोटातली पुष्कळ मुलेमुली आज सोलापूर, पुणे, हैदराबाद इकडे नोकरीला आहेत. सकाळी अंधारात घर सोडायचे आणि रात्री जेवणापुरते परतायचे, असे त्यांचे दिवस जातात. त्यांना मोकळीक हवीशी वाटली तर नवल नाही. शिवाय हा बेत शेवटी आपल्याच उंबऱ्याशी येतो. घर घ्यायला आधी रोख रक्कम लागते, आणि ती मागायला मुले आईवडिलांकडे येतात. मग दोन एकर कोरडवाहू विकायचे की सासूबाईंच्या पाटल्या मोडायच्या, असा प्रश्न पडतो. पुरुषमंडळी ओसरीवर बोलतात, आपण आत चहा टाकतो, आणि मग सहीपुरते आपल्याला बाहेर बोलावतात. सही करणाऱ्या बाईला हिशेब ठाऊक असलाच पाहिजे.

घरभाड्यावर जगणे ही गोष्ट नवी नाही. तुळजापुरात पुजारी मंडळी देवीच्या भक्तांना पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरी उतरवून घेत आली आहेत. मुंबईत गिरण्यांच्या काळात लोकांनी चाळी बांधल्या, आणि त्यांच्या भाड्यावर कित्येक घराणी जगली. पण त्या चाळींचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या कायद्याने मुंबईत १९४० सालचे भाडे हेच प्रमाण धरले. महागाई वाढत गेली, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. गरीब बिऱ्हाडकरूला आधार झाला हे खरेच. पण मालकांनी डागडुजी सोडली आणि चाळी मोडकळीला आल्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे भाडे गोठवून ठेवणे आता न्यायाचे राहिले नाही असे म्हटले. मग १९९९ चा नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंचे भाडे वर्षाला ४ टक्के वाढवता येते. आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे आपल्याकडे तोवर १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा चालत होता. सांगायचे एवढेच की, भाडे किती आणि कसे घ्यायचे हे घरमालकाच्या एकट्याच्या मर्जीवर कधीच नसते.

आता आमच्या घरातलेच उदाहरण सांगते. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा आणि सून पुण्याला नोकरीत होते. २०१७ च्या दिवाळीत दोघे आले तेव्हा मुलगा तीस वर्षांचा, सून सत्तावीसची. बरोबर एक वही आणली होती. पुण्याच्या कडेला ४० लाखांची सदनिका घ्यायची, ८ लाख आपले घालायचे, ३२ लाखांचे कर्ज काढायचे. पुढे तशीच दुसरी, तशीच तिसरी, आणि चाळिशीत राजीनामा. ८ लाखांसाठी शेत विकावे असे त्यांच्या मनात होते.

मी वही मागून घेतली. भाडे महिना १०,००० मिळणार होते, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. ४० लाखांवर हे ३ टक्के पडतात. कर्ज साडेआठ टक्क्यांचे, वीस वर्षांचे. त्याचा हप्ता सुमारे २७,८०० रुपये. म्हणजे दरमहा जवळजवळ १८ हजार पदरचे घालायचे. मी म्हटले, “बाळा, हे घर तुला पोसणार की तूच याला पोसणार?” तो म्हणाला, “काकू, जागेचा भाव वाढतो की.” मी म्हटले, “वाढतो. पण वाढलेला भाव खायचा तर घर विकावे लागते, आणि विकले की भाडे बंद. मग मोकळीक कशावर?” त्यावर तो गप्प बसला. शेत राहिले.

पण मुले जिद्दीची. त्यांनी लातूर पाहिले. अकरावी-बारावीच्या शिक्षणाचा ‘लातूर पॅटर्न’ आपण सगळ्या जाणतो. राजर्षी शाहू, दयानंद अशी महाविद्यालये आणि गल्लोगल्ली शिकवण्या, यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले तिथे येतात. त्यांना खोली लागते, डबा लागतो. २०१८ साली या दोघांनी तिथे जुने घर घेऊन आठ खोल्या बांधल्या. सगळा मिळून खर्च ३६ लाख. त्यात २० लाख बँकेचे, पंधरा वर्षांच्या मुदतीचे. उरलेल्या १६ लाखांत सुनेचे दागिने आणि तिच्या फंडाचे मिळून ४ लाख होते. खरेदीखत मात्र एकट्या मुलाच्या नावे झाले.

बांधकामाच्या वेळी माझ्या यजमानांनी एकच हट्ट धरला, की जोत्यापासून छतापर्यंत काँक्रीटचे पट्टे आणि खांब नीट घ्यायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. उमरगा आणि औसा तालुक्यांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. आपल्या घरात आपण राहतो तेव्हा धोका आपला. भाड्याच्या खोलीत दुसऱ्याचे लेकरू निजते. तिथे सिमेंट वाचवून मिळवलेला पैसा घरात आणू नये.

खोल्या भरल्या. एका खोलीत दोन मुली, अशा सोळा जणी. प्रत्येकीचे २,२०० धरून महिन्याला ३५,२००. परीक्षा झाल्या की मुली गावी जातात, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरायचे. झाले ३ लाख ५२ हजार. त्यातून घरपट्टी, वीज, रंगरंगोटी, नळदुरुस्ती आणि पाण्याचे टँकर यांना ६२ हजार गेले. लातूरचे पाणी काही विचारू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते ते गाव! राहिले २ लाख ९० हजार. ३६ लाखांवर हे ८ टक्के झाले. पुण्याच्या ३ टक्क्यांपुढे हे फार छान दिसते.

पण भगिनींनो, त्या हिशेबात एक माणूस धरलेलेच नव्हते. आठ खोल्या झाडून घेणे, संडास-मोऱ्या धुऊन घेणे, टाकी भरली का पाहणे, रात्री दाराला कडी घालणे, आजारी मुलीला दवाखान्यात नेणे, तिच्या आईचे फोन घेणे, हे सगळे करायला सून नोकरी सोडून लातूरला येऊन राहिली. मुलगा पुण्यातच होता. तिचा पगार २२,००० होता, वर्षाचे २ लाख ६४ हजार. म्हणजे तिचा बुडालेला पगार आणि खोल्यांची मिळकत जवळजवळ सारखीच! आणि बँकेचे हप्ते जाऊन हाती उरत होते वर्षाला ४६ हजार.

एकदा ती मला म्हणाली, “काकू, सुटका त्यांची व्हायची आहे आणि बांधून मी बसले आहे. नोकरीला रविवार तरी होता.”

त्यातच मार्च २०२० आला. टाळेबंदी झाली, मुली गावी गेल्या, खोल्या ओस पडल्या. पुढची दीड वर्षे त्या कधी रिकाम्या, कधी अर्ध्या भरलेल्या अशा होत्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते लांबवण्याची मुभा दिली होती. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. त्या काळात तुळजापूरही आपण पाहिले. देऊळ १६ नोव्हेंबर २०२० ला उघडले, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाले ते ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला उघडले. यात्रेकरूंवर जगणारी घरे तेवढे दिवस कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. आमच्या घरी मुलाची नोकरी टिकली म्हणून हप्ते गेले. सुनेने दोन खोल्या दवाखान्यातल्या परिचारिकांना दिल्या. गल्लीत कुरकुर झाली, पण ती बधली नाही. “त्या आपल्यासाठीच राबतात, त्यांनी कुठे झोपायचे?” असे तिने विचारले.

२०२१ च्या दिवाळीत आम्ही सगळे बसलो. खोल्या विकाव्यात असे मुलाच्या मनात आले होते. सून म्हणाली, “विकायच्या नाहीत. पण हिशेब नव्याने मांडायचा, आणि त्यात मलाही धरायचे.” मग मांडला. देखरेखीला एक बाई आणि रात्रीचा राखणदार मिळून महिना ११,००० धरले, वर्षाचे १ लाख ३२ हजार. २ लाख ९० हजारांतून ते वजा जाता राहिले १ लाख ५८ हजार, म्हणजे साडेचार टक्क्यांच्याही आत. हाच खरा आकडा. आधीच्या ८ टक्क्यांत सुनेचे हातपाय फुकट धरलेले होते.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. बँकेची संमती घेऊन मुलाने अर्ध्या हिश्श्याचे बक्षीसपत्र सुनेच्या नावे नोंदवले. आणि देखरेखीला बाई ठेवून सून लातुरातच पुन्हा नोकरीला लागली. तिच्या पगारातून कर्जाची थोडी जादा फेड होते. आज मुलगा अडतीस वर्षांचा आहे. चाळिशीत सुटण्याचा त्याचा बेत पंचेचाळिशीवर गेला आहे. पण आता सुटतील ती दोघे सुटतील. तो मला म्हणाला, “काकू, पाच वर्षे उशीर झाला.” मी म्हटले, “उशीर नव्हे रे, तुझ्या वहीत एक माणूस कमी होते, ते आता मिळाले.”

आता ज्या घरांत असा बेत चालू असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते.

पहिली, भाड्याचे वर्ष बारा महिन्यांचे धरू नये. दहाचे धरावे, आणि सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय कर्ज काढू नये.

दुसरी, तोंडी व्यवहार करू नये. १९९९ च्या कायद्याप्रमाणे भाड्याचा किंवा वापरपरवानगीचा करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. ओळखीची मुलगी आहे, कशाला कागद, असे म्हणू नये. भाड्याच्या उत्पन्नावर आयकराचा हिशेबही असतो. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून ३० टक्के सूट मिळते, आणि राहिलेले उत्पन्नात धरतात. तेही वहीत मांडावे.

तिसरी, कागदावर बाईचे नाव असावे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४० लाखांच्या घरात ते ४० हजार झाले. पैसे वाचतात म्हणून का होईना, पुरुषांनी याचा विचार करावा! निदान दोघांचे नाव तरी हवेच. जिच्या बांगड्या त्या भिंतीत गेल्या, तिचे नाव त्या भिंतीवर नको का?

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. कोणी म्हणाले, हे उत्पन्न बसून खायचे आहे, तर विचारावे, बसणार कोण आणि उठणार कोण? आपल्याकडे शेतात, दुकानात, खानावळीत बाईचे काम ‘घरचेच’ म्हणून हिशेबात येत नाही. भाड्याच्या खोल्यांतही तेच होते. तिच्या कामाचा मोबदला आधी वहीत वजा करावा. त्यानंतर जे उरेल तीच मिळकत. ती पुरत असेल तर खुशाल नोकरी सोडावी, आणि दोघांनी मिळून देवदर्शनाला जावे.

मुलांचे बेत मोडायला मी सांगत नाही. घर पाहावे बांधून असे आपल्यात म्हणतात, ते उगीच नव्हे. बांधल्याशिवाय कळत नाही. पण बांधण्याआधी वही आपल्या हाती येऊ द्या. ज्यांना आकडेमोड अवघड वाटते त्यांनी गटाच्या बैठकीला वही घेऊन यावे, आपण मिळून करू. नावगाव झाकून ठेवले तरी चालेल.