काट्यावरचे शंभर ग्रॅम

कोल्हापुरात एखाद्याचं वजन विचारणं हा आगाऊपणा समजत नाहीत. तालमींचं गाव आहे! पण आता तालमीतला वजनकाटा घरोघरी आलाय. रंकाळ्यावर फिरायला येणारी माझ्या वयाची मंडळी वजन करूनच घराबाहेर पडतात. आकडा किलोभर वाढलेला दिसला, की गडी दुसऱ्या दिवशी येतच नाही. वीस दिवसांची चाल पाण्यात गेली, असं त्याला वाटतं.

खरं तर काट्यावर वाढलेलं असतं ते बहुतेक पाणीच. काटा चरबी वेगळी काढून मोजत नाही. पाणी, पोटातलं अन्न, हाडं, स्नायू, सगळं एकदम तोलतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रात्री तांबडा-पांढरा ओरपला, की त्यातल्या मिठाबरोबर पाणीही अंगात थांबतं. भात-भाकरीतून तयार होणारं ग्लायकोजेन स्नायूंत आणि यकृतात साठतं, तेही ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी घेऊन. पाळीच्या आधी बायकांचं वजन वाढतं, तेही बऱ्याचदा याच कारणाने. उलट रोजा सोडायच्या आधी वजन उतरलेलं दिसतं आणि जेवणखाण झालं की पुन्हा भरतं. एका रात्रीत किलोभर चरबी चढायची तर गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खायला हव्यात. कितीही खवय्या असला तरी हे सोपं नाही!

ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब पैलवानाला चुकत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन फक्त शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली. रात्रभर घाम गाळला, केसही कापले, तरी ते शंभर ग्रॅम हटले नाहीत. तिची ताकद रात्रीत कुठे गेली नव्हती, पण नियम तो नियम. तुमच्या-माझ्या दाराशी मात्र कुणी पंच उभा नाही. आपले शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी.

आणि वजन वाढणं म्हणजे दर वेळी घसरणंही नव्हे. आपल्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव १९४८मध्ये लंडनला ५२ किलो गटात खेळले आणि सहावे आले. १९५२मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं, ते ५७ किलो गटात!

मी कविता लिहिणारा माणूस. मात्रा मोजतो, पण मात्रा जुळल्या म्हणून कविता चांगली झाली असं मानत नाही. काट्याचंही तसंच. वजन करायचं तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करावं. वहीत लिहावं. आठवड्याची सरासरी काढून ती महिनाभर ताडून पाहावी. सोबत कमरेला टेप लावावी. जिना चढताना दम लागतो का, झोप कशी लागते, हेही टिपावं.

मात्र काही कारण नसताना वजन महिनोन् महिने उतरत असेल, किंवा दोन-चार दिवसांत भराभर वाढून पाय सुजत असतील, धाप लागत असेल, तर वही मिटून डॉक्टर गाठावा. एरवी आकडा लिहावा आणि आपल्या कामाला लागावं.