लघवीची गोळी आणि सकाळचं वजन

आर्वीकडच्या एका मुलाचा फोन आला होता. वडिलांचं नागपूरला महाधमनीचं मोठं ऑपरेशन झालं, घरी आले, पण पाय सुजलेले. "रात्रीतून चारदा उठतात, म्हणून लघवीची गोळी मीच बंद केली जी," म्हणाला. म्हणून आज हाच विषय.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पोटापर्यंत जाणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, बीपी टिकवायला रक्त, सलाइन लिटरने द्यावं लागतं. शरीराला बसलेल्या धक्क्यानं बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि ते पाणी पायात, पोटात, फुप्फुसात साचतं.

नातेवाईक विचारतात, सूज दिसतेय तर पहिल्याच दिवशी औषध का नाही? कारण अंगात पाणी असलं तरी रक्तवाहिनीत ते कमीच असू शकतं. तेव्हा जबरदस्तीनं लघवी करवली तर बीपी पडतो, आधीच दमलेल्या मूत्रपिंडाला मार बसतो. ऑपरेशन छातीतल्या महाधमनीचं असेल तर मज्जारज्जूला रक्त कमी पडून पाय लुळे पडायचीही भीती. बीपी स्थिरावला, बाहेरचं पाणी रक्तात परतू लागलं, की मग फुरोसेमाइड, म्हणजे आपली लॅसिक्स.

किती द्यायची, हे ठरवायला वजनकाट्यासारखं दुसरं साधन नाही. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. ऑपरेशनआधी 58 आणि आज 63, तर ती पाच किलो चरबी नव्हे, पाणी. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा, वहीत लिहा. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वजन जुन्या आकड्याखाली गेलं, उठताना चक्कर आली, तरीही कळवा.

आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 वर जातो. घाम, त्यात जुलाब, वर ही गोळी, म्हणजे मूत्रपिंड गेलंच समजा! अशा दिवशी डोस विचारूनच घ्यायचा. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणू नका. "अशक्तपणा आहे" म्हणून ओआरएसची पाकिटंही पाजू नका, त्यात मीठ असतं. नारळपाण्याचंही विचारा, लॅसिक्सनं पोटॅशियम घटतं, पण सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर वाढतं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

त्या मुलाला विचारलं, गोळी देत होता केव्हा? "रात्री आठला, जेवणानंतर." लॅसिक्सचा जोर साधारण सहा तास राहतो. त्यांच्या सर्जनशी बोलून ती सकाळी सातला सुरू केली.