वनराज भाटिया : ओळखू न येणारा संगीतकार

सी. रामचंद्रांची चाल दोन ओळींत ओळखू येते. सुधीर फडके तर पहिल्या हरकतीलाच सापडतात. वनराज भाटियांचं तसं नाही. 'मंथन'चं गाणं, 'तमस'मधली ती काळीज चिरणारी हाक आणि लिरिल साबणाची धून एकाच माणसाची, हे कुणी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. संगीतकाराला स्वतःची छाप नसणं ही आपण उणीव मानतो. भाटियांच्या बाबतीत मला तीच त्यांची कमाई वाटते.

जन्म 1927चा, मुंबईचा. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम. ए. केलं, मग लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक आणि तिथून पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. या बाईंचे शिष्य पाहिले तर अमेरिकेचे कोपलँड एका टोकाला आणि टँगोवाले पियाझोला दुसऱ्या. एकाचं दुसऱ्यासारखं काहीच नाही. व्याकरण पक्कं करून घ्यायचं, पण आपली गायकी शिष्याच्या गळ्यात उतरवायची नाही, असं ते घराणं. आपल्याकडच्या उस्तादांना हे पचलं असतं का, शंकाच आहे!

1959 साली परतलेल्या या गड्याला मुंबईत सिम्फनी कोण लिहायला सांगणार? काही वर्षं दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं, पण घर चाललं ते जाहिरातींवर. त्यांच्या जिंगल्सचा आकडा सात हजारांच्या घरात सांगतात. अर्ध्या मिनिटात साडी विकायची, रंग विकायचा, साबण विकायचा आणि दर वेळी सूर त्या मालाचा हवा, स्वतःचा नव्हे. श्याम बेनेगलही जाहिरातींतूनच आलेले. 1974च्या 'अंकुर'पासून ही जोडी जमली. बेनेगलांचा 'मंथन' काढायला गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते. त्याचं गाणं प्रीती सागर यांनी गायलं, आणि पुढे ते अमूलच्या जाहिरातीत गेलं. जाहिरातवाल्याचं गाणं फिरून जाहिरातीतच!

पण मला थांबायचंय ते 'भूमिका'पाशी. अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मकथन 'सांगत्ये ऐका' या सभागृहात बहुतेकांनी वाचलेलं असेल. अरुण साधूंनी शब्दांकन केलं, आधी 'माणूस' साप्ताहिकात आलं. त्यावर बेनेगलांनी 1977 साली चित्रपट केला. नायिका बोलपटांच्या सुरुवातीच्या काळापासूनची नटी, म्हणजे पडद्यावर तिच्या तोंडी असलेली गाणी त्या-त्या दशकाची वाटायला हवीत. इथे संगीतकाराची परीक्षा होती. नव्या चालीला जुना मुलामा देणं सोपं असतं. भाटियांनी त्या काळाच्या खोडी उचलल्या. वाद्यमेळ किती, ताल कसा, गाणारीनं आवाज कुठून लावायचा, हे सगळं बदलत नेलं. आणि गायला बोलावलं कुणाला? सरस्वतीबाई राण्यांना, नातीसह! अब्दुल करीम खाँसाहेबांची ही लेक 1943च्या 'रामराज्य' चित्रपटासाठी गायलेली. त्या काळाची नक्कल करण्याऐवजी भाटियांनी त्या काळातला गळाच आणून माइकसमोर उभा केला. हा शोध पोथीतून लागत नाही. गंमत अशी, की ही गाणी ऐकून लोक नायिका झालेल्या स्मिता पाटीलला आठवतात, संगीतकाराला नाही.

1988 हे त्यांच्या दूरदर्शनवरच्या कामाचं सोन्याचं वर्ष. गोविंद निहलानींच्या 'तमस'मध्ये फाळणी, कुंदन शाहांच्या 'वागळे की दुनिया'मध्ये आर. के. लक्ष्मण यांचा चाकरमान्या, आणि 'भारत एक खोज'मध्ये देशाच्या इतिहासाची पाच हजार वर्षं. 'खोज'ची सुरुवात आठवा. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, म्हणजे ही सृष्टी कुठून आली हे कुणाला तरी ठाऊक आहे का असं विचारणारं. भाटियांनी ते समूहाच्या गळ्यात दिलं. संस्कृतपाठोपाठ येणारे हिंदी शब्द आपल्या वसंत देवांचे. एखाद्या शास्त्रीबुवांच्या आवाजात हेच सूक्त पूजा वाटलं असतं. इथे पुष्कळ माणसं एकत्र बुचकळ्यात पडल्यासारखी वाटतात, आणि सूक्ताचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

'तमस'च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'दामिनी', 'घातक', 'परदेस' अशा धंदेवाईक चित्रपटांचं पार्श्वसंगीतही त्यांनी केलं. गाणी दुसऱ्यांची, कॅसेटवर नाव दुसऱ्यांचं. प्रसंग तोलून धरायचं काम यांचं. गिरीश कार्नाडांच्या नाटकावर 'अग्निवर्षा' हा ऑपेरा रचण्याचं काम उतारवयातही चालू होतं.

2019 साली त्यांच्या ओढगस्तीच्या बातम्या छापून आल्या. काहींनी मदत केली. 7 मे 2021 रोजी ते गेले. आपण हळहळतो, ते ठीक. पण कारण पाहा. चित्रपट आणि जाहिरातींत तेव्हाची रीत एकरकमी मेहनतान्याची होती. धून वाजत राहिली तरी रचणाऱ्याच्या हाती पुढे काही पडेलच असं नव्हतं. संगीतकाराला स्वामित्वधनातला आपला वाटा सोडून देता येणार नाही, अशी दुरुस्ती कायद्यात झाली 2012 साली. त्याच वर्षी भाटियांना पद्मश्री मिळाली. तेव्हा ते पंचाऐंशीच्या घरात होते आणि त्यांचं बहुतेक काम करून झालं होतं.