मी थांब म्हटलं की थांबणारं कुणीतरी

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर इयरफोन लावून नुसतेच पडला असाल, तर पडून राहा. आजचा भाग छोटा आहे.

एक प्रश्न विचारते. तुम्ही कुणाला शेवटचं मोठ्याने वाचून कधी दाखवलंत? व्हॉट्सॲपवरचा विनोद नाही हं. पुस्तक.

विचारतेय कारण गेले चार महिने आमच्या घरी रात्री हेच चालतं. आजीच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झालाय. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच धूसर. दारात कुणी आलंय हे कळतं, चेहरा कळत नाही. अक्षरं तर नाहीच. चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. लग्न झाल्यापासून रोज ज्ञानेश्वरी वाचणारी बाई ती. रडली वगैरे नाही. पोथी कापडात बांधली, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली. विषय संपला.

बाबांनी तिला यूट्यूबवर ज्ञानेश्वरी लावून दिली. गोड आवाज, मागे तंबोरा. दोन दिवस तिने ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "छान म्हणतो गं तो. पण मी थांब म्हटलं की थांबत नाही."

आता तुम्ही म्हणाल, पॉजचं बटण आहे की! आहे. पण तिला बटण नको होतं. एखाद्या ओवीपाशी आपल्याबरोबर थांबणारं माणूस हवं होतं.

मग मी पोथी खाली काढली. ज्ञानेश्वरीत साधारण ९,००० ओव्या आहेत. रोज २५ वाचल्या तर वर्षभरात होतात. आमचे खाडे पडतात, पण पंधरा-वीस मिनिटांचं काम. सुरुवातीला जीभ अडखळते, कारण भाषा सातशे वर्षांपूर्वीची. ओवीचे तीन चरण यमकात जुळतात आणि चौथा आखूड असतो, तिथे आवाज आपोआप खाली येतो. एकदा ती चाल सापडली की वाचणं सोपं होतं. आजीला अर्ध्याअधिक ओव्या तोंडपाठ. ती मध्येच हात वर करते, एखादा शब्द सोडवून सांगते, कधी माहेरची आठवण सांगते, मग म्हणते, "हां, चल पुढं." डोळे गेल्यापासून घरात सगळे तिला काहीतरी सांगत असतात: इथे पाय दे, ही गोळी घे. या पंधरा मिनिटांत सांगणारी ती असते.

आता खरा मुद्दा. माझी देवावर श्रद्धा आहे का? मला नक्की सांगता येत नाही. मग मी पोथी वाचते ते ढोंग आहे का? हा प्रश्न मला खूप दिवस टोचत होता. शेवटी तिलाच विचारलं. म्हटलं, "आजी, माझा विश्वास नसेल तर हे चालतं का गं?" ती म्हणाली, "तू विश्वास ठेव असं मी कुठं म्हटलं? तू नीट वाच. ऐकायचं मी बघते."

मला तेव्हा हे नुसतं हजरजबाबी उत्तर वाटलं. पण गेल्या आठवड्यात आम्ही नववा अध्याय सुरू केला. त्याच्या सुरुवातीलाच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एक गोष्ट मागतात: अवधान. म्हणजे लक्ष. ते एकदा द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं सांगतात. आधी श्रद्धा सिद्ध करा असं तिथे म्हणत नाहीत. आणि हा ग्रंथ झालाच मुळी बोलण्या-ऐकण्यातून. १२९० साली ज्ञानेश्वरांनी नेवाशाला तो सांगितला, सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतला. शेवटच्या ओवीत त्यांचं नाव आहे. मला तर हे फार आवडलं. सांगणाऱ्याइतकाच लक्ष देऊन ऐकणाराही त्या पोथीत आहे.

श्रद्धा मला मागून मिळेल की नाही, ठाऊक नाही. लक्ष मात्र माझ्या हातात आहे. आणि खरं सांगू? दिवसभरात तेच सगळ्यात महाग झालंय. पंधरा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा म्हणजे पहिल्या आठवड्यात हात नुसता शिवशिवतो. नंतर त्यातच मजा यायला लागते. वाचन संपलं की आजी डब्यातून गूळ-शेंगदाणे काढते. डबा कुठे आहे हे तिला न बघता कळतं. ते चार दाणे मला हल्ली कुठल्याही डेझर्टपेक्षा बरे लागतात.

तुमच्या घरी पोथी नसेल, नसू दे. आजोबांना पुलं आवडत असतील तर पुलं वाचा. आईला दिवाळी अंकातली कथा वाचा, ती पोळ्या लाटत असताना. काय वाचायचं ते त्यांना निवडू द्या. आवाज थोडा मोठा, वेग थोडा कमी. आणि त्यांनी थांब म्हटलं की थांबा. खरी गोष्ट बऱ्याचदा तिथेच सुरू होते.

आज रात्री दोन पानं वाचून बघा, आणि कुणाला काय वाचून दाखवलंत ते मला जरूर कळवा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!